चालत्या गाडीची पुढची काच गोठते : चूक द्रवाची, गाडीची की माझी?

सांगलीकर_उत्तरेत :

नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे असून गेली दोन वर्षे अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळ राहतो. गाडी चालवण्याचा माझा अनुभव पंधरा वर्षांचा असला, तरी त्यातील तेरा वर्षे काचेवरचा बर्फ कसा असतो हे न पाहताच गेली, हे आधीच कबूल करतो.

गेल्या शनिवारी सकाळी सुपीरियर सरोवर पाहण्यासाठी आम्ही पस्तीस क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने डुलुथकडे निघालो. बाहेर उणे १३ अंश सेल्सिअस तापमान होते, ऊन स्वच्छ होते आणि हिमवर्षाव मुळीच नव्हता. बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या मिठामुळे रस्ता मात्र ओला होता व पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारे खारट पाणी काचेवर येऊन वाळत होते. उन्हाच्या तिरिपीत तो पांढरा थर दिसेनासे करू लागला, म्हणून मी वॉशरचा फवारा मारला. पुढच्या दोन-तीन सेकंदांत वायपरने तो द्रव काचभर पसरवला आणि पसरवता पसरवताच तो गोठला. ताशी ११० किलोमीटरच्या वेगात माझ्यासमोर दुधी काच होती. शेजारी पत्नी आणि मागच्या आसनावर सहा वर्षांचा मुलगा होता.

बाजूची काच खाली करून, डोके बाहेर काढून, दिवे लुकलुकवत मी कसाबसा कडेला आलो आणि बर्फ खरवडला. वाटेवरच्या हिंकली गावापर्यंत असे आणखी एकदा घडले. त्यानंतर फवारा मारण्याचे धाडसच झाले नाही. परतीच्या वाटेवर काचेच्या आतल्या बाजूनेही खालच्या कोपऱ्यांत पांढरे स्फटिक धरू लागले होते.

मला न उलगडणारी गोष्ट अशी की, वॉशरच्या निळ्या द्रवाच्या बाटलीवर उणे २० फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे २९ सेल्सिअस, असे स्पष्ट छापलेले आहे. मग तो उणे १३ अंशांतच कसा गोठला? आणि असा प्रसंग पुन्हा आला, तर त्या पहिल्या काही सेकंदांत नेमके काय करावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कॅलगरीकर :

सर्वप्रथम, आपण सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले. इकडे कॅनडात माझ्या पहिल्या हिवाळ्यात बँफच्या रस्त्यावर माझ्यावर हाच प्रसंग आला होता.

बाटलीवरचा आकडा खोटा नसतो, परंतु तो बाटलीत बंद असलेल्या द्रवाचा असतो. या द्रवात मुख्यतः पाणी आणि मिथेनॉल असते. काचेवर त्याचा अगदी पातळ थर पसरतो, त्यावरून ताशी शंभर किलोमीटरचा कोरडा वारा जातो आणि पाण्यापेक्षा कितीतरी लवकर उडून जाणारे मिथेनॉल आधी निघून जाते. मागे उरतो तो बहुतांशी पाण्याचा थर, आणि त्याला गोठायला उणे १३ अंश पुरेसे असतात. शिवाय उडून जाताना मिथेनॉल काचेतील उष्णताही घेऊन जाते. इंजेक्शनपूर्वी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की गार वाटते किंवा माठातले पाणी उन्हाळ्यात थंड होते, तोच हा प्रकार आहे. नुसत्या वाऱ्यामुळे कोरडी काच बाहेरच्या हवेहून थंड होऊ शकत नाही. ओली काच मात्र होऊ शकते. म्हणून द्रव निवडताना बाहेरच्या तापमानापेक्षा निदान पंधरा अंश अधिक थंडीचा निवडावा, असा माझा स्वतःचा नियम आहे. इकडे उणे ४० सेल्सिअसचा द्रव सहज मिळतो आणि मी दुसरा घेतच नाही.

खरी मेख मात्र काचेच्या तापमानात आहे. आपल्या हीटरची हवा त्या वेळी कोठे सोडली होती? पायांकडे असेल, तर काच बर्फासारखी थंड असणार आणि तिच्यावर कोणताही द्रव टाकणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे. डीफ्रॉस्ट, म्हणजे हीटरची हवा काचेवर सोडणारी सोय, लावून, पंखा मोठा करून काच पाचेक मिनिटे तापू द्यावी, खालच्या कडेला हात लावून ती कोमट झाल्याची खात्री करावी आणि मगच फवारा मारावा.

आता त्या पहिल्या सेकंदांविषयी. ब्रेक जोरात दाबू नये, कारण मागच्या चालकाला तुमची काच गोठल्याचे ठाऊक नसते. पाय अॅक्सिलरेटरवरून काढावा, धोक्याचे दिवे लावावेत, चाक सरळ धरावे आणि डीफ्रॉस्ट पूर्ण क्षमतेवर न्यावा. बर्फ वितळेल या आशेने पुन्हा फवारा मारण्याचा मोह होतो. काच थंड असताना तो टाळावा, कारण त्याने थर वाढतोच. बाजूच्या काचेतून मार्गिकेची रेषा पाहत कडेला यावे आणि शक्य असेल तर महामार्गाच्या कडेला न थांबता पुढच्या फाट्याने बाहेर पडावे. कडेच्या पट्टीवर (शोल्डरवर) उभे राहून काच खरवडत असलेल्या माणसाला मागून येणाऱ्या, तितक्याच अंध झालेल्या गाडीचा धोका असतो.

कोरडा_हिम :

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत असलो, तरी 'काच नेहमी गरम ठेवा' हा सल्ला सरसकट देऊ नये असे मला वाटते. मी विनिपेगमध्ये बारा हिवाळे काढले आहेत. उणे २० अंशांत पडणारा भुरभुरीत हिम थंड, कोरड्या काचेवर आदळून पिठासारखा उडून जातो. तीच काच तुम्ही तापवलीत, तर तो हिम काचेवर वितळतो, वायपर ते पाणी कडेला ढकलतो आणि तेथे, जिथे डीफ्रॉस्टची ऊब पोहोचत नाही, ते पुन्हा गोठते. अर्ध्या तासात वायपरच्या पात्यावर बर्फाची काठी तयार होते. मग पाते काचेला टेकत नाही आणि नेमके डोळ्यांसमोर न पुसलेले कमानदार पट्टे उरतात. अशा दिवशी मी हवा पायांकडे सोडतो, वायपर बंद ठेवतो आणि काचेला हात लावत नाही. काच थंड, कोरडी आणि स्वच्छ राहते.

अर्थात हे फक्त कोरड्या हिमाबाबत खरे आहे. शून्याच्या आसपासचा ओला हिम किंवा गोठणारा पाऊस असेल, तर काच पहिल्या मिनिटापासून गरमच हवी. गोठणाऱ्या पावसाचे थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहिलेले असतात आणि थंड पृष्ठभागाला स्पर्श होताच त्यांचा बर्फ होतो. तो काचेवर धरतो तसाच रस्त्यावरही धरतो. त्यामुळे अशा वेळी काचेचा उपाय शोधण्यापेक्षा घरी थांबावे. मिनेसोटात ५११ या क्रमांकावर रस्त्यांची स्थिती कळते. निघण्यापूर्वी दोन मिनिटे तिच्यासाठी काढावीत.

आपल्याबाबतीत मुळात हिम नव्हताच, मीठ होते. ते धुवावेच लागते, म्हणून तेथे कॅलगरीकरांचे म्हणणे योग्य ठरते.

सांगलीकर_उत्तरेत :

दोघांचेही मनापासून आभार. आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या, त्या सांगतो. पैकी एक सांगताना थोडी लाज वाटते.

सप्टेंबरमध्ये वॉशरची टाकी अर्धी रिकामी दिसली, तेव्हा मी सांगलीच्या सवयीने तीत नळाचे पाणी भरले होते. नोव्हेंबरात त्यावरच निळा द्रव ओतला. टाकीत आजही निळे काहीतरी आहे; ते किती निळे आहे, हे देव जाणे.

दुसरे असे की, हवा पायांकडेच होती, कारण डीफ्रॉस्ट लावूनही काचेवर कोमटच हवा येत होती आणि मुलाचे पाय गारठले होते. शहरात हीटर चांगला चालतो. महामार्गावर वेग वाढला की मात्र तो मंदावतो आणि इंजिनाच्या तापमानाचा काटाही मध्यावरून बराच खाली उतरतो. थंडीच एवढी आहे, म्हणून तसे होत असावे अशी मी समजूत करून घेतली होती.

पाना_पक्कड :

तुमचा दुसरा मुद्दा हाच खरा आजार आहे. मी आधी चिंचवडला आणि आता डेट्रॉईटजवळ वाहन-उद्योगातच काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिनाची उष्णता वाहून नेणारे द्रव, म्हणजे कूलंट, पुरेसे तापेपर्यंत ती बंद राहते आणि साधारण ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान, गाडीनुसार, उघडते. ती जर उघड्या स्थितीत अडकली, तर कूलंट सदैव रेडिएटरमधून फिरत राहते. शहरातल्या संथ वाहतुकीत ते लक्षात येत नाही. महामार्गावर मात्र उणे १३ अंशांची हवा ताशी ११० किलोमीटरने रेडिएटरवर आदळते आणि इंजिन आवश्यकतेपेक्षा थंड पडते. हीटरला उष्णता मिळते ती याच कूलंटकडून. म्हणजे जिथे काचेला सर्वाधिक ऊब हवी, तिथेच तुमचा हीटर थकतो. बहुतेक गाड्यांत काटा लहानसहान बदल दाखवतच नाही, तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तो खाली उतरताना दिसत असेल, तर तापमान बरेच घसरले आहे असे समजावे. निरोगी इंजिन मिनेसोटाच्या थंडीतही महामार्गावर आपले तापमान टिकवते.

पडताळणी सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी आणि इंजिन तापत असताना रेडिएटरच्या वरच्या नळीला, फिरत्या पट्ट्यांपासून हात दूर ठेवून, स्पर्श करून पाहावे. ती बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम झाली, तर झडप ठीक आहे. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली, तर झडप उघडी अडकली आहे. गॅरेजमधल्या यंत्रावर पी-०१२८, म्हणजे कूलंट पुरेसे तापत नसल्याचा संकेत दिसला, तर शंका आणखी बळावते. कूलंटची पातळीही पाहावी, ती कमी असली तरी हीटर मंदावतो. मात्र इंजिन गरम असताना टोपण कदापि उघडू नये.

आतल्या स्फटिकांचे कारण वेगळे आहे. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर उणे १८ अंशांच्या हवेत जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे बाहेरची गोठलेली हवा आत घेऊन तापवली की ती कमालीची कोरडी असते आणि काचेवरचा ओलावा शोषून घेते. याउलट, आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबले की तिघांचे श्वास आणि बुटांवरून आलेला, पायपुसण्यावर वितळलेला हिम हे सारे बाष्प गाडीतच कोंडले जाते व सर्वांत थंड जागी, म्हणजे काचेच्या कोपऱ्यांत, गोठते. मुलाला ऊब मिळावी म्हणून तुम्ही ते बटण दाबले असणार, असा माझा कयास आहे. ते बंद ठेवा. बॉनेटच्या मागे, काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणारी जाळी असते, तिच्यावरचा हिमही निघण्यापूर्वी झटकावा. केबिन फिल्टर चोंदला असेल तर तोही बदलून घ्या. हवाच कमी आली, तर डीफ्रॉस्ट काय करणार?

पाण्याबद्दल लाज वाटून घेऊ नका. मात्र उणे २९ अंशांच्या द्रवात तितकेच पाणी मिसळले, तर मिश्रण उणे दहा-बाराच्या आसपासच गोठते, हे ध्यानात घ्या. म्हणजे तुमचे मिश्रण काचेवर पडण्याआधीच काठावर उभे होते.

इसारकाठ :

म्युनिकहून एक भर घालतो. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमानुसार सर्वसामान्यांना विकल्या जाणाऱ्या काच-द्रवातील मिथेनॉलवर कडक मर्यादा घातली आहे, कारण ते पोटात गेल्यास दृष्टी आणि जीव दोन्ही जाऊ शकतात. म्हणून इकडे इथेनॉलवर आधारित द्रव असतो आणि तो बहुधा पाणी मिसळूनच वापरायचा असतो; किती पाण्याला किती अंश, याचा तक्ता बाटलीवर असतो. तिकडचा निळा द्रव मात्र थेट ओतण्याचा आहे. तो दिसायला सरबतासारखा असतो, तेव्हा घरातील सहा वर्षांच्या मुलापासून दूर ठेवावा.

काझा_व्हाया_पुणे :

पुण्याहून गाडी घेऊन आम्ही ऐन हिवाळ्यात स्पितीला गेलो होतो, तेव्हा टाकीत पुण्याचेच पाणी आणि दोन थेंब शाम्पू होता. काझाच्या पहिल्या रात्री टाकी आणि नळ्या दगड झाल्या. सकाळी कोणीतरी काचेवर गरम पाणी ओतायला निघाले होते. त्यांना वेळीच थांबवले, अन्यथा काचेला तडा गेला असता आणि तेथून शिमल्यापर्यंत वाऱ्यातच यावे लागले असते. पुढचे चार दिवस औषधांच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन भागांस एक भाग पाणी या प्रमाणात फवाऱ्याच्या बाटलीत भरून वापरले. गाडी उभी असताना त्याने बर्फ छान सुटतो.

सांगलीकर_उत्तरेत :

दोन आठवड्यांनी कळवतो आहे. नळी पहिल्या मिनिटापासून कोमट होत गेली आणि गॅरेजमध्ये तोच संकेत निघाला. थर्मोस्टॅट बदलला, काटा आता महामार्गावरही मध्यावर असतो. आतली हवा फिरवण्याचे बटण मीच दाबले होते, हा कयासही खरा निघाला.

टाकीतले मिश्रण झाकणबंद बाटलीत भरून रात्रभर सज्जात ठेवले होते. उणे १४ अंशांत सकाळी त्याचा निळा गोळा झाला होता. टाकी रिकामी करून उणे ४० सेल्सिअसचा द्रव भरला आणि नळ्यांतला जुना द्रव निघून जाईपर्यंत उभ्या गाडीत फवारा मारत राहिलो.

काल पुन्हा डुलुथला गेलो. उणे १६ अंश होते, ट्रक तसेच खारट पाणी उडवत होते. काच तापवून फवारा मारला, तेव्हा पत्नीने नकळत दाराची मूठ घट्ट धरली होती. काच स्वच्छ झाली. थॉम्पसन टेकडीच्या विश्रांतिस्थळी थांबलो, तेव्हा वायपरच्या टोकांना बोटभर बर्फ धरलेला होताच. तो हाताने मोडून काढला आणि खाली गोठलेले सरोवर पाहत उभे राहिलो.

आता एकच शंका उरली आहे : रबरी आवरण असलेली हिवाळी पाती घ्यावीत, की सलग वाकणारी पाती पुरेशी आहेत?

कोरडा_हिम :

आवरणवाली घ्या. त्यांच्या सांध्यांत बर्फ शिरत नाही. मात्र ती जड असतात आणि वेगात थोडी आवाज करतात, म्हणून एप्रिलमध्ये आठवणीने काढून ठेवा. रात्री गाडी उघड्यावर असेल, तर वायपर बंद करूनच इंजिन बंद करा. नाहीतर सकाळी काचेला चिकटलेले रबर पहिल्याच झटक्यात फाटेल.