कार्डावरचं ‘आरओपी’ आणि घरातला सव्वा महिना

पारोळ्याचा वाइंडिंगवाला
राम राम मंडळी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली कॉइल नुसती पाहून वेढे सांगतो, पण पोराचं डिस्चार्ज कार्ड काही वाचता येईना. बाळ आज बाविसाव्या दिवशी काचेच्या पेटीतून घरी आलं. कार्डावर आहे : प्रीटर्म ३२ आठवडे, १४८० ग्रॅम, अपगार ६ आणि ८, आरओपी स्क्रीनिंग तिसाव्या दिवसाच्या आत. दवाखान्यातून घरी सोडायच्या गडबडीत कोणी नीट सांगितलं नाही.
आरओपी डोळ्याचं काहीतरी आहे म्हणे. पण डोळे तर छान टकामका हलवतो. माय म्हणते, “सव्वा महिना व्हऊ दे, मंग दखू.” या उन्हात धुळ्याला न्यायलाच हवं का? आणि दहापैकी सहा मार्क म्हणजे पोरगा मंद तर निघणार नाही ना?

निवृत्त सिस्टर, अमळनेर
भाऊ, मार्कांची चिंता सोडा. अपगार ही व्हर्जिनिया अपगार नावाच्या डॉक्टरबाईंनी १९५२ मध्ये काढलेली पद्धत. जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, ठोके, श्वास, हातपायांचा ताठपणा आणि चिमटा काढल्यावरची हालचाल बघतात. सहाचे आठ झाले म्हणजे बाळ सावरलं. त्यावरून बुद्धी ठरत नाही.
आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणून घरचा हिशेब आणि कार्डाचा हिशेब जुळत नाही. (सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बरं.)
आता आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार. तुमच्याच धंद्यातलं सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नसा मधल्या खांबापासून कडेकडे ओढल्या जातात. हे काम चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतं आणि पार नववा भरेपर्यंत चालतं. तुमचं बाळ आलं तेव्हा शेवटच्या घरांपर्यंत लाइन पोचलीच नव्हती. बाहेरच्या हवेत, त्यात ऑक्सिजन दिलेला असेल तर जास्तच, ती वाढ अडते. पुढे कधीकधी तिथेच वेड्यावाकड्या नसा फुटतात आणि वाढत गेल्या तर पडदा ओढून सुटा करतात. वरून डोळा अगदी चांगला दिसतो! म्हणूनच ३४ आठवड्यांच्या आधीचं किंवा २००० ग्रॅमच्या आतलं बाळ तपासायचं. लेझरने उपचार करायची वेळ आली तर तो दोन-तीन दिवसांतच करावा लागतो, ‘पुढच्या आठवड्यात बघू’ चालत नाही.
सव्वा महिना म्हणजे तिसावा दिवस उलटून गेला. माउलीला सांगा, बाळंतिणीला विश्रांती मिळावी म्हणून तो रिवाज, तो चांगलाच आहे. तपासणीला तो आड येऊ देऊ नका. पहाटे निघा.

कपाशीवाला
काजळ घाला, नजर साफ होते. आमच्या पाच पिढ्या वाढल्या.

निवृत्त सिस्टर, अमळनेर
दादा, तुमच्या पिढ्यांना नमस्कार. काजळ नको.

चोपड्याची आई
माझी मुलगी ३० आठवड्यांची. तपासणी बघवत नाही, आधीच सांगते. थेंब टाकून बाहुली मोठी करतात, पापण्या चिमट्याने उघड्या धरतात, बाळ जीव तोडून रडतं. काही मिनिटांचंच काम. किती वेळ आधी दूध बंद करायचं ते विचारून घ्या, आम्ही पाजून नेलं होतं, तिने सगळं ओकून टाकलं.
पहिल्यांदा झोन २, स्टेज १ लिहिलं तेव्हा मी रात्रभर जागी. झोन म्हणजे नसा कुठवर पोचल्या, स्टेज म्हणजे बिघाड किती. आमचं आपोआप उतरलं, पण फेऱ्या पाच झाल्या. एकदा ठीक आलं म्हणून थांबू नका, नसा कडेला पोचल्या असं डॉक्टर म्हणेपर्यंत जायचं.
आणि वय दोन प्रकारे धरा, एक जन्मापासूनचं आणि एक पूर्ण दिवस भरले असते त्या तारखेपासूनचं. तुमचा चार महिन्यांचा झाला की वागायला दोन महिन्यांचा असेल. शेजारच्या पोराशी तुलना करून मी उगाच रडले.

पारोळ्याचा वाइंडिंगवाला
सव्विसाव्या दिवशी जाऊन आलो. पहाटे पाचला निघालो, माय स्वतः गाडीत बसली, पोराला पदराखाली घेऊन. नसा अजून झोन दोनमध्ये, आरओपी नाही, दोन आठवड्यांनी परत. तपासणीच्या वेळी मी बाहेर पळालो, माय आत थांबली. घरी आल्यावर पुढची तारीख तिनेच कॅलेंडरवर कुंकवाने गोल केली. ती सव्वा महिन्यानंतर तीन दिवसांनीच येते.