ली-एनफिल्डच्या मॅगझिनवरचा जांभळट रंग: मूळचा, की नंतर चढवलेला?

मिसिसागाकर:
नमस्कार. इथे कॅनडात लाँग ब्रांचच्या कारखान्यात १९४३ साली तयार झालेली ली-एनफिल्ड नंबर ४ मार्क १ स्टार ही रायफल मी गेल्या वर्षी रीतसर परवान्यावर घेतली. तो कारखाना माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर होता. त्याच्या तपासणी विभागाच्या इमारतीत आता कलाकेंद्र चालते. रायफलीसोबत दहा गोळ्यांची दोन मॅगझिन (रायफलीला खालून लागणाऱ्या गोळ्यांच्या पेट्या) मिळाली आणि माझा प्रश्न त्यांच्या रंगाविषयी आहे. पहिले मॅगझिन ट्यूबलाइटखाली काळेच दिसते. परंतु खिडकीशी नेऊन तिरप्या उन्हात धरले की त्याचा पत्रा पिकलेल्या जांभळासारखा दिसू लागतो, फक्त मागच्या जोडालगतची बोटभर पट्टी काळी राहते. दुसरे मॅगझिन राखाडी असून त्यावर शेवाळल्यासारखी हिरवट झाक आहे. विकणाऱ्याच्या मते जांभळट मॅगझिन कोणीतरी घरी रंगवले असावे. हे खरे मानावे का, आणि दोन्ही घासून एकसारखी करून घ्यावीत का?

भोसरीवाला:
आमचा ब्लॅकोडायझिंगचा, म्हणजे पोलादाला रसायनाने काळे करण्याचा, व्यवसाय आहे. बंदुकीचे काम आम्ही करत नाही, पण ही जांभळट छटा आमच्या रोजच्या डोकेदुखीपैकी एक असल्यामुळे लिहितो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट-नायट्राइटच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवले की पृष्ठभागावर मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा, अतिशय पातळ थर तयार होतो. या बाथचे तापमान साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. पाणी उडून द्रावण घट्ट झाले की उत्कलनबिंदू चढतो आणि माल काळा होण्याऐवजी तांबूस किंवा जांभळट निघतो. पोलादात सिलिकॉन किंवा निकेलसारखे मिश्रधातू अधिक असले, तरीही तेच होते. कित्येकदा माल काळाभोर दिसतो, गिऱ्हाईक तो समाधानाने घेऊन जाते आणि काही वर्षांनी जांभळी झाक वर येते.

तुमच्या जोडालगतची काळी पट्टी मला विशेष बोलकी वाटते. जोड करताना उष्णता लागलेल्या भागात पोलादाची जडण बदलते, त्यामुळे तोच बाथ तिथे वेगळा रंग देतो. घरी बोळ्याने काळे औषध लावणाऱ्याच्या हातून जोडाला इतकी समांतर सीमा येणार नाही. त्याचे काम ढगाळ आणि फटकाऱ्यांचे दिसते. त्या औषधात बहुधा सेलेनियम आणि तांब्याचे क्षार असतात, म्हणून घासलेल्या कडांवर तांबूस चमक आणि ऊब लागताच एक उग्र वास येतो. एक गोष्ट जरूर पाहा: दुमडलेल्या जोडाच्या फटीतून पांढरी पूड बाहेर येत असेल, तर बाथमधले क्षार आत अडकून राहिले आहेत आणि ते हवेतला ओलावा ओढून आतून गंज धरवतील.

निवृत्त आर्मरर:
वरील विवेचन योग्य आहे, परंतु रंगाआधी शिक्का पाहावा, ही आम्हा शस्त्रदुरुस्ती करणाऱ्यांची जुनी सवय. मॅगझिनचे खोके रायफलीच्याच कारखान्याचे असेल, असे गृहीत धरू नये. दुरुस्तीच्या बाकावर जे बसले ते लागले, हा सगळीकडचा रिवाज. लाँग ब्रांचच्या भागांवर एल आणि बी ही एकत्र गुंफलेली अक्षरे असतात, तर अमेरिकेत चिकोपी फॉल्स येथे सॅव्हेजने केलेल्या भागांवर चौकोनी वळणाचा एस असतो. युद्धानंतर ब्रिटनमध्ये संपूर्ण दुरुस्ती झालेल्या नंबर ४ रायफलींना फॉस्फेटचा थर देऊन वर सनकोराइट नावाचा काळा रंग भट्टीत पक्का केला जाई. आमच्याकडे ईशापूरच्या रायफल कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेल्या .३०३ रायफलींवरही काळा रंग असे आणि तो मॅगझिनच्या कडांवरून सर्वांत आधी टवका धरून निघे. आपले दुसरे मॅगझिन मला फॉस्फेटचे वाटते. तो थर सच्छिद्र असतो. साठवणीचे ग्रीस वर्षानुवर्षे त्यात मुरले की हिरवट झाक येते. तो दोष नव्हे.

वस्तुसंग्रहालयात धातूकाम पाहणारी:
घासून एकसारखे करण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. पोलिशचा एक हात फिरला तरी मॅग्नेटाइटचा थर उतरतो आणि तो परत मिळत नाही. आधी मऊ पांढऱ्या कापडावर दोन थेंब तेल घेऊन न दिसणाऱ्या जागी हलके पुसावे. कापडावर विटकरी रंग आला तर तो चालू गंज आहे, फक्त मळकट काळे आले तर जुने तेल आहे. पिवळसर, डिंकासारखा चिकट थर असेल तर ते वाळलेले ग्रीस असून ते खेळत्या हवेत टर्पेंटाइनने मऊ पडते. ॲसिटोनने रंग ओळखण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु भट्टीत पक्का केलेला रंग त्याला बराच काळ दाद देत नाही, त्यामुळे त्या चाचणीतून ‘हा रंग नाही’ असा निष्कर्ष काढू नये. शिवाय मॅगझिन चामड्याच्या पाकिटात ठेवत असाल, तर आजच बाहेर काढा. चामड्यातली आम्ले आणि ओल पोलादावर नेमके पाकिटाच्या शिवणीसारखे डाग उमटवतात.

मिसिसागाकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जांभळट मॅगझिन टर्पेंटाइनने पुसल्यावर ग्रीसच्या पापुद्र्याखाली चौकोनी एस स्पष्ट दिसला, म्हणजे ते शेजारच्या देशातून आलेले आहे आणि लाँग ब्रांचच्या रायफलीच्या रंगाशी मी त्याची तुलना करत होतो, तीच मुळात चुकीची होती. कडांवर तांबूस चमक नाही, वासही आला नाही. जोडाच्या खालच्या टोकाला मात्र मिठाच्या कणाएवढी पांढरी पूड सापडली. भोसरीवाले, ती गरम पाण्याने धुऊन वाळवली तर पुरे होईल, की फटीत तेल सोडण्यापूर्वी आणखी काही करावे लागेल?

भोसरीवाला:
एकदा धुऊन भागत नाही. स्प्रिंग आणि प्लॅटफॉर्म (गोळ्या ज्यावर टेकतात ती पट्टी) काढून खोके उकळत्या साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा, पाणी बदलून पुन्हा ठेवा, मग हेअर ड्रायरने फट पूर्ण कोरडी करूनच तेल सोडा. महिन्याभराने त्याच जागी पुन्हा पूड दिसली, तर हेच परत करावे लागेल.