मिंटवर टीव्हीला चित्र येतं, आवाज येत नाही: प्रतिसाद

भाऊ, लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या शाळेच्या लॅपटॉपचे तुम्ही विचारलेले त्रास दोन आहेत: टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो, आणि धडा चालू असताना स्क्रीन काळी होते. या चर्चेत वर कुणी मिंट पुन्हा टाकायला सांगितलंय, त्याची काही गरज नाही.

टीव्ही चालू करून एचडीएमआय केबल लावा, मग सिस्टिम सेटिंग्जमधल्या साउंडमध्ये आउटपुटला एचडीएमआय निवडा. यादीत नसेल तर पॅव्हूकंट्रोल (pavucontrol, आवाज कुठून येणार ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) टाका आणि कॉन्फिगरेशन टॅबवर 'डिजिटल स्टिरिओ एचडीएमआय' असलेलं प्रोफाइल घ्या. एका साउंड कार्डावर एका वेळी एकच प्रोफाइल, म्हणजे आवाजाची एकच जोडणी, चालतं. ॲनालॉग (लॅपटॉपचे स्पीकर) घेतलेलं असलं की त्याच कार्डावरचं एचडीएमआय बऱ्याचदा यादीत दिसत नाही. व्हिडिओचा आवाज तरीही लॅपटॉपच्या स्पीकरला चिकटून राहिला तर प्लेबॅक टॅबवर त्याचं आउटपुट वेगळं बदला.

स्क्रीनसाठी पॉवर मॅनेजमेंटमध्ये चार्जरचा आणि बॅटरीचा असे दोन रकाने आहेत. बहुतेक जण स्क्रीन बंद होण्याची वेळ पहिल्याच रकान्यात 'नेव्हर' (कधीच नाही) करून मोकळे होतात. आपल्याकडे लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि दुसऱ्या रकान्यातली वेळ लागू होते, म्हणून दोन्ही बदला. स्क्रीनसेव्हरचं लॉक वेगळं, तेही बंद करा. स्क्रीन बंद झाली की बऱ्याचदा एचडीएमआयचा आवाजही सोबत जातो. टीव्ही इन्व्हर्टरवर नसेल तर लाइन आल्यावर आउटपुट एकदा पाहून घ्या.

स्क्रीन काळी होऊ नये म्हणून वर कुणी सुचवलेली एक्ससेटची (xset) कमांड लॉगआउटनंतर टिकत नाही, ती स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये टाकावी लागते. लॉगिन करताना वेलँड (स्क्रीनवर चित्र दाखवण्याची नवी पद्धत) सेशन निवडलं असेल तर तिचा उपयोगच नाही.