व्हॉलीबॉलमध्ये छताला लागलेला बॉल: आऊट की खेळ चालू?

मध्यरेषा: पहिला पास उंच उडाला, हॉलच्या लोखंडी तुळईला लागला आणि आपल्याच कोर्टात खाली आला. तीनपैकी दोन टच शिल्लक. आपल्याकडे लगेच शिट्टी होते, अमेरिकेतल्या शाळांच्या मॅचमध्ये मात्र खेळ चालूच असतो. बरोबर कोण?

शिट्टी७: दोघंही. नियमपुस्तकं वेगळी आहेत. आपल्याकडे एफआयव्हीबीचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचे नियम. तुळई, दिवा, दोरी, बास्केटबॉलचा बोर्ड, कशालाही लागला की बॉल त्याच क्षणी आऊट. किती टच उरले ते बघायचंच नाही. बघायचं ते शेवटचा हात कोणाचा. स्मॅश ब्लॉकच्या, म्हणजे जाळ्यापाशी हात वर करून अडवणाऱ्यांच्या, बोटांना लागून छताला गेला तर पॉइंट स्मॅशवाल्यांना. म्हणून तर कोर्टावर निदान ७ मीटर मोकळी उंची लागते, जागतिक स्पर्धांना १२.५ मीटर.

परदेशी_कोर्ट: अमेरिकेत छत खेळण्याच्या जागेच्या वर असेल, बॉल मारणाऱ्यांच्याच बाजूला राहिला असेल आणि त्यांचा टच शिल्लक असेल, तरच खेळ चालू. छताचा टच मोजत नाहीत. तिसऱ्या टचचा बॉल लागला की संपलं. सर्व्हिसचंही तेच. छताला लागून जाळ्यापलीकडे गेला तरी चूक मारणाऱ्यांचीच. ब्लॉकचा टच मोजला जात नाही, त्यामुळे ब्लॉकला लागून आपल्याच बाजूच्या छतावर आपटलेल्या बॉलला अजून तीन टच मिळतात. इथे भलेभले चुकतात. बोर्डासारखी वस्तू कोर्टावर १५ फुटांच्या खाली लोंबत असेल आणि तिच्यामुळेच बॉल अडला असेल, तर रॅली पुन्हा खेळवता येते.

मध्यरेषा: आणि नुसता चाटून गेला तर? खालून कळतं का?

शिट्टी७: आवाजावर जाऊ नका, पत्र्याच्या शेडमध्ये सगळंच वाजतं. बॉलची फिरकी किंवा वाट एकदम बदलली का ते बघा. लटकता दिवा हलला तर पुरावाच. पहिल्या पंचाची नजर जाळ्यावर, खेळाडूंच्या हातांवर असते, म्हणून बाहेरच्या वस्तूला लागलेल्या बॉलवर दुसरा पंचही शिट्टी देऊ शकतो. रेषापंच झेंडा डोक्यावर हलवतो.

परदेशी_कोर्ट: अमेरिकन नियमांनी खेळवत असाल तर मॅचआधी मान वर करून बघा: जाळ्याच्या बरोबर वर कोणती तुळई येते? बॉल पलीकडे गेला की नाही हे ठरवायला तीच खूण. खाली लोंबणाऱ्या वस्तू कोणत्या, तेही दोन्ही कोचना आधीच दाखवा. रॅली संपल्यावर सांगितलं की भांडण ठरलेलं.