मदत हवी आहे: सुट्ट्या पैशांत मिळालेल्या नाण्याचं ग्रेडिंग (तपासून दर्जाचा आकडा घेणं) करावं का?

नमस्कार मंडळी. माझे काका दादरला भाजी विकतात. त्यांच्या गल्ल्यात 2003 सालचं, जुनं अकराकोनी 2 रुपयांचं नाणं आलं. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी छोटी खूण आहे, म्हणजे आपल्या फोर्टच्या टांकसाळीतलंच. पण ठसा बराच सरकलाय: भारताच्या नकाशाचा उत्तरेकडचा भाग कापला गेलाय आणि समोरच्या कडेला कोरी पट्टी उरलीय. इतकं सुंदर चुकलेलं नाणं मी हातात कधीच घेतलं नव्हतं!

काका चिंचेने घासायला निघाले होते, मी थांबवलं. साफ केलेल्या नाण्याला पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग कंपन्या 1 ते 70 मधला दर्जाचा आकडा देत नाहीत, नुसतं ‘डिटेल्स’ लिहितात, असं वाचलंय.

मुंबईतून ग्रेडिंगला नाणी कोणामार्फत पाठवता? फी, कुरियर, विमा धरून साधारण खर्च किती येतो? हातोडीने मुद्दाम बिघडवलेली नाणीही बाजारात असतात, म्हणून आधी खरं-खोटं तपासून देणारं विश्वासू कोणी फोर्टच्या बाजूला आहे का? विकायचं नाहीये, काकांच्या नावाने जपून ठेवायचंय. तोवर नाणं ठेवायला पीव्हीसी प्लास्टिक नसलेलं पाकीट कुठे मिळेल, तेही सांगा.