क्रूझवर जेवायला नटून जायचं का? (चौदा माणसं, तीन रात्री, इस्त्री शून्य)

बोरीकरीण

जानेवारीत आम्ही घरचे चौदा जण तीन रात्रींच्या क्रूझवर जातोय. सासऱ्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली, त्या निमित्ताने. मुंबईला बोटीवर चढायचं, दुसऱ्या दिवशी बोट मुरगावला लागते, संध्याकाळी सुटते, मग एक दिवस नुसता समुद्र आणि परत मुंबई. होय, आम्ही गोंयकार रेल्वेने मुंबईला जाऊन तिथून बोटीने गोव्याला येणार आणि पुन्हा मुंबईला जाणार. आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

बोटीच्या पत्रकात लिहिलंय की संध्याकाळी मोठ्या जेवणघरात 'स्मार्ट कॅज्युअल'. म्हणजे हाफ पँट, बनियन, पोहण्याचे कपडे, रबरी चपला नकोत. दुसऱ्या रात्री 'सजून या', तेही ज्याला हवं त्याने. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नव्हती. पण पुण्याच्या नणंदेने फॅमिली ग्रुपवर तक्ता टाकला. पहिल्या रात्री सगळे पांढरं-निळं. दुसऱ्या रात्री बायकांना पैठणी, पुरुषांना बंदगळा. तिसऱ्या रात्री इंडो-वेस्टर्न, म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. सासरे निवृत्त मास्तर. ते एवढंच म्हणाले, "हांव जेवपाक वतां, लग्नाक न्हय." मुलगा पंधरा वर्षांचा, त्याच्याकडे फुटबॉलच्या जर्सीशिवाय दुसरं काही आहे का याची मलाच शंका आहे.

नटायला माझी ना नाही. पण केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर बंदी असते, बॅगेत सापडली तर काढून ठेवतात. बोटीवरची लाँड्री पैसे घेते आणि चौदा जणांचे घेते. तेव्हा बॅगेत चुरगळलेली पैठणी आणि बंदगळे शेवटी कोणाच्या पदरात येणार हे मला आत्ताच दिसतंय. सुट्टी सगळ्यांची आणि घड्या माझ्या? तुम्ही काय करता?

माटोळी

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. नटायचंच. चवथीला गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली पान वाढलं की आपल्या घरात कोणी बर्म्युडावर बसतं का? त्या दिवशी भाज्यांचं खतखतं तेच, पाटही तेच, तरी धुतलेलं नेसूनच बसतो ना? आपल्या देवळांबाहेरही आता कपड्यांचे फलक लागलेत, आणि आपण निमूट पाळतो. पणजीत कार्निव्हलच्या शेवटच्या रात्री क्लब नॅशनलचा 'रेड अँड ब्लॅक' नाच असतो. लाल-काळं घालून या म्हटलं की अख्खं पणजी लाल-काळं घालून येतं. तिथे कोणी घड्यांचा हिशेब मांडत नाही. गोव्याच्या माणसाने 'आम्हाला नटायची सवय नाही' म्हणावं हे पटत नाही. फेस्ताला, लग्नाला सगळ्यात चांगलं इस्त्री केलेलं शर्ट कोणाचं असतं बघा.

नणंदेचं कौतुक करा हो. निदान तिला हौस आहे.

खाजनशेत

@माटोळी, चवथीला आपण आपल्या घरी, आपल्या देवासमोर बसतो. बोटीवर समोर कोण आहे? चीज केक.

मी गेल्या वर्षी अशाच एका क्रूझवर गेलो होतो. नाव घेत नाही. दुसऱ्या रात्री बायकोच्या आग्रहाने ब्लेझर घातला. जेवणघराच्या दाराबाहेर रांग, आणि रांग कशाची तर फोटोची. मागे सूर्यास्ताचा रंगवलेला पडदा, दोन दिवे, एक फोटोग्राफर. खरा सूर्यास्त दहा पावलांवर काचेपलीकडे चालला होता, त्याकडे कोणाचं लक्ष नाही. दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवर टांगलेले, एकेकाची किंमत वाचून ब्लेझरच्या आत घाम आला. तेव्हा कळलं 'सजून या' कोणासाठी असतं ते.

आपली हवा दमट. सुती शर्ट आणि पँट यापुढे जे काही अंगावर चढवाल ती स्वतःला दिलेली शिक्षा आहे.

वास्कोवाला

@खाजनशेत, तुमच्या बाजूने एक पुरावा देतो, जो तुमच्याविरुद्धही जातो. नौदलात 'रेड सी रिग' म्हणून एक पोशाख आहे. ज्या साहेबांनी जेवायला कोट घालायची चाल जगभर नेली, त्यांनाच तांबड्या समुद्रात उकाडा सोसेना. मग त्यांनी कोट काढला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळी पँट, कमरेला कमरबंद. आपल्या नौदलातही मेसमध्ये तो चालतो, मी वर्षानुवर्षं घातलाय. म्हणजे हवेप्रमाणे कोट गेला, पण जेवायला बसण्यापूर्वी कपडे बदलायचे हे नाही गेलं. मला त्यातली गंमत अशी वाटते की पाळीवरून उतरलेला माणूस त्या दहा मिनिटांत दुसरा होऊन टेबलावर येतो. डोक्यातलं इंजिन बंद होतं.

आणि नणंदबाईंना सांगा, जुन्या मोठ्या प्रवासी जहाजांवरसुद्धा पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटत नसत. पहिल्या रात्री सामान उघडलेलं नसे, शेवटच्या रात्री बांधून झालेलं असे. तीन रात्रींच्या सफरीत पहिली आणि शेवटची वजा करा, काय उरतं बघा.

बोरीकरीण

@वास्कोवाला, हे मी ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. नणंदेचं उत्तर: "आपण काही टायटॅनिकवर नाही चाललो." बरं मग पैठणी कशाला?

नाव_सांगत_नाही

मुळात बोटवाले कोण आपल्याला कपडे शिकवणारे? हा सगळा गोऱ्या क्लबांचा उरलेला रोग आहे. २०१४ साली चेन्नईत एका क्रिकेट क्लबच्या दारातून मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना परत पाठवलं, का तर वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसली होती. तमिळनाडूने त्याच वर्षी कायदाच केला, की वेष्टीमुळे कोणाला अडवता येणार नाही. आपल्याकडे धोतरवाल्याला अडवलं तर आपण सॉरी म्हणून पँट घालून येऊ.

माटोळी

@नाव_सांगत_नाही, बोट धोतर अडवत नाही. पत्रक परत वाचा. धोतर, कुर्ता, साडी सगळं चालतं, अडवतात ती हाफ पँट. साहेबाचा रोग म्हणाल तर हाफ पँटही साहेबाचीच की.

उलट ही संधी आहे. पैठणी जड होत असेल तर @बोरीकरीण, कुणबी साडी नेसा. सुती, चौकड्यांची, हलकी, चुरगळली तरी चुरगळली आहे असं वाटत नाही. एके काळी ती फक्त शेतात दिसायची आणि नंतर तीही दिसेनाशी झाली. आपल्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने ती पुन्हा विणून घेतली, रॅम्पवर नेली, आता लग्नात मिरवतात. खांद्यावर गाठ मारायला जमत असेल तर पदर सांभाळायचंही काम नाही.

शिपार

मी बाणावलीचा, नऊ कॉन्ट्रॅक्टं जेवणघरात वेटर म्हणून केली. आमच्या घरात मी तिसरा तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा. आजोबा मुंबईला धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गावच्या माणसांच्या मुक्कामाच्या जागेत, राहून बोट मिळायची वाट बघत, मी ईमेलची वाट बघतो, एवढाच फरक. मराठी शाळेतली आहे, चुका सांभाळून घ्या.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघा. सजायची रात्र असली की आमचा मेनू वेगळा, जाकीट वेगळं, नॅपकिनची घडी वेगळी. दुपारपासून दोनशे घड्या घालून बोटं दुखतात (@बोरीकरीण, तुमच्या चौदा काहीच नाहीत). मग दार उघडतं आणि पहिला माणूस ओल्या चड्डीवर शर्ट चढवून येतो. मला राग येत नाही, खोटं बोलत नाही. खुर्ची ओली होते, ती बदलायला लागते, त्याचा येतो. आणि एखादी आजी साधी सुती साडी नेसून, केसांत कुठून तरी पैदा केलेलं फूल माळून येते, तेव्हा हेड वेटर स्वतः खुर्ची ओढतो. कोणी त्याला सांगितलेलं नसतं.

पण सक्ती म्हणाल तर ती कधीच गेली. नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने २००० च्या सुमाराला 'फ्रीस्टाइल' काढलं, ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, कोट नाही. बाकीचे हळूहळू त्याच वाटेने आले. क्युनार्डसारख्या जुन्या कंपन्यांकडे अजून गाला, म्हणजे नटायच्या, रात्री आहेत, पण तिथेही ज्याला नटायचं नाही त्याला वेगळी जागा असते. कौटुंबिक बोटीवर वरच्या मजल्यावर बुफे उघडाच असतो. तिथे टी-शर्ट चालतो, भात मिळतो, रांग लहान.

फोटोबद्दल @खाजनशेत शंभर टक्के बरोबर.

आता कामाचं. जेवणघरात एसी कडक असतो, सासूबाईंना शाल द्या. दारांना उंच उंबरे असतात, निऱ्या दोन बोटं वर घ्या. टाचांच्या चपला नकोतच, जमीन कधी हलेल सांगता येत नाही. आणि पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी कधीकधी रात्री नऊलाही येतात.

जुनी_बोट

माझं वय बोलतंय. आम्ही मुंबई-पणजी आगबोटीने यायचो. डेकवर आधी चादर टाकेल त्याची जागा. नटणं कुठलं, रात्रभर कोळशाचा आणि ओकारीचा वास. जेवण म्हणजे घरून आणलेल्या पोळ्या आणि लिंबाचं लोणचं, चादरीवरच. पण वेंगुर्ला मागे पडलं की आई उठायची. गडूतल्या पाण्याने आम्हा तिघांची तोंडं पुसायची, माझ्या वेण्या सोडून पुन्हा घालायची, आणि ट्रंकेतून झगे काढायची. आग्वादचा दीपस्तंभ दिसेपर्यंत आम्ही तयार. आजूबाजूच्या चादरींवरही तेच चाललेलं. रात्री एकमेकांच्या पायाशी झोपलेली माणसं धक्क्यावर उतरताना ओळखू यायची नाहीत. आम्ही नटायचो ते धक्क्यावर उभ्या असलेल्यांसाठी. तुमच्या क्रूझवर धक्क्यावर कोण असणार?

खाजनशेत

@जुनी_बोट, टॅक्सीवाले.

बोरीकरीण

जाऊन आलो. वृत्तांत.

पहिल्या रात्री बॅगा साडेनऊला आल्या. @शिपार, तुमचं ऐकून मी हातातल्या पिशवीत कपडे ठेवले होते, पण फक्त माझे आणि मुलाचे. बाकी बारा जण रेल्वेच्या कपड्यांत. पांढऱ्या-निळ्याची सूचना करणारी नणंद स्वतः राखाडी ट्रॅक पँटमध्ये. कोणी काही बोललं नाही, वेटरनेही नाही. ती इतकी खुलली की दोनदा गोड मागवलं.

दुसऱ्या दिवशी मुरगाव. सगळे ओल्ड गोव्याला फिरायला गेले. स्वतःच्याच गावात पर्यटक, पण ठीक आहे. सासरे म्हणाले, मी घरी जाऊन येतो, सुपारीच्या कुळागराला पाणी लावायचंय. आम्हाला वाटलं गंमत करतायत. ते खरंच टॅक्सी करून बोरीला गेले. बोटीवर परत यायची वेळ चारची, सव्वातीनपर्यंत त्यांचा पत्ता नाही. नवऱ्याचा चेहरा पडलेला, फोन लागत नाही. साडेतीनला आले, एका हातात रसबाळी केळ्यांचा फणा, दुसऱ्या हातात कपड्याचं गाठोडं. फणा सुरक्षेच्या मशीनपाशीच ठेवून घेतला, बाहेरचं खाणं बोटीवर चालत नाही. गाठोडं सुटलं.

गाठोड्यात काय, तर गावातल्या इस्त्रीवाल्याकडून करून आणलेले कपडे. स्वतःचा पांढरा लेंगा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, सासूबाईंची जरीकाठी, आणि नातवाची काळी पँट, जी तो घरी विसरला होता. खरं तर मुद्दाम विसरला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळी बांधलेली.

रात्री ते जेवणघरात आले ते मनगटावरची बटणं लावून. लग्न होऊन अठरा वर्षं झाली, ती बटणं लावलेली मी फक्त शांतादुर्गेच्या जत्रेत बघितलीत. नणंदेच्या पैठणीवर बॅगेची आडवी घडी स्पष्ट उमटलेली होती, ती बिचारी पदर पुढे ओढून बसली. मी कुणबी नेसले. गाठ जमली नाही, पिन लावली.

तिसऱ्या रात्री आम्ही नऊ जण वरच्या बुफेत गेलो. सासरे खालीच गेले. त्याच लेंग्यात. "टेबल आमचें आसा न्हय?"

माटोळी

म्हणजे आम्ही जिंकलो.

नाव_सांगत_नाही

लेंग्यात आले ना? आम्ही जिंकलो.

खाजनशेत

फोटो काढलात का, ते सांगा.

बोरीकरीण

एक. रंगवलेल्या सूर्यास्तासमोर, चौदाही जण. किंमत विचारू नका.

शिपार

आणि केळी?

बोरीकरीण

मुंबईला उतरताना मागितली. आठ मिळाली, फण्याला चौदा होती.