रायफलचं मॅगझीन (गोळ्या भरायची पेटी): पोलादी टिकतं की प्लास्टिकचं?

सातपूर_प्रेसवाला: इन्सास या आपल्या देशी लष्करी रायफलची अर्धपारदर्शक मॅगझीन्स कारगिलच्या थंडीत तडकल्याच्या 1999 मधल्या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत. तरी नव्या एके-203 रायफलला पुन्हा प्लास्टिकच. माझ्या मते पत्र्याला पर्याय नाही. एकेएमचं (एके-47 ची सुधारित आवृत्ती) उभार पट्ट्या उठवलेलं पोलादी मॅगझीन रिकामं सुमारे 330 ग्रॅम भरतं. जड आहे, पण आपटलं तर पोचा पडतो, तुकडे होत नाहीत.

अंबड_मोल्डिंग: प्लास्टिक म्हणजे एकच वस्तू का हो, भाऊ? आरपार दिसायला हवं म्हटलं की काचतंतू आणि काळा रंग दोन्ही सोडावे लागतात. ताकद गेली, उन्हापासूनचं संरक्षणही गेलं. काळं, काचतंतू घातलेलं नायलॉन वेगळंच वागतं. साच्यातून नुकतं निघालेलं नायलॉन कोरडं आणि ठिसूळ असतं; हवेतला ओलावा शोषला की चिवट होतं. ही पायरी गाळली किंवा वितळलेल्या मालाचे दोन प्रवाह नेमके लिपपाशी (तोंडाशी गोळी धरून ठेवणाऱ्या कडांपाशी) जुळले, तर तडा तिथूनच जाणार. दोष साच्याचा, नाव प्लास्टिकचं!

आणि तो पोचा बिनधोक नसतो. आत प्लॅटफॉर्म (स्प्रिंगवरची, गोळ्या वर ढकलणारी पट्टी) अडतो, तिरका होतो, गोळीचं टोक खाली झुकतं आणि बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग) वरून रिकामा निघून जातो. प्लास्टिक एक तर मूळ आकारात येतं, नाही तर सरळ तुटतं. बाद झालेलं लगेच कळतं.

सातपूर_प्रेसवाला: लगेच? लिपच्या मुळाशी गेलेला केसासारखा तडा भरलेल्या मॅगझीनमध्ये दाखवा बरं. शिवाय महिनोन्‌महिने भरून ठेवलं की स्प्रिंगच्या दाबाने प्लास्टिकच्या लिप हळूहळू फाकतात. पत्रा एवढ्याशा दाबाला दाद देत नाही.

देवळाली_कॅम्प: फाकण्याचं खरं आहे, म्हणून तर काही प्लास्टिक मॅगझीनना लिपवरचा दाब काढून घेणारं झाकण येतं. पण तुम्ही दोघंही लिपवरच अडलात. एकेचं मॅगझीन पुढचा दात अडकवून मागे झुलवत बसवतात. सगळा ताण पुढच्या-मागच्या दातांवर. जुन्या तपकिरी सोव्हिएत मॅगझीनमध्ये हे दात पोलादी ठेवले ते याचसाठी. सिग 716 रायफलचं मॅगझीन सरळ वर ढकलायचं, कॅच (अडकवणारी कळ) बाजूच्या खाचेत बसतो, तिथे निव्वळ प्लास्टिक चालून जातं. निफाडचा पारा 4 वर गेला तरी चांगल्या नायलॉनला फरक पडत नाही. उणे 30 चा हिशेब वेगळा.

पावसाळ्यात मात्र पत्र्याचे हाल. दोन अर्धे स्पॉट वेल्डने जोडलेले असतात, पाणी त्या शिवणीत शिरतं, गंज आतून चढतो. बाहेर तेलाचा हात कितीही फिरवा.

सातपूर_प्रेसवाला: साहेब, मग आत तेल कोण घालणार नाही?

देवळाली_कॅम्प: ओतून तर घालूच नये. तेलावर धूळ बसते आणि प्लॅटफॉर्म चिकटतो. मॅगझीन रिकामं असल्याची खात्री करा, तळपट्टी सरकवताना स्प्रिंगवर अंगठा ठेवा (उडते, डोळा सांभाळा), सगळं कोरड्या फडक्याने पुसा. पोलादाला तेल अगदी पुसट, पुसून काढल्यासारखं. प्लॅटफॉर्म बोटाने तळापर्यंत दाबून सोडा. वाटेत अडला तर आत पोचा आहे. लिपमधलं अंतर व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजून नव्या मॅगझीनशी ताडा. फाकलेली पोलादी लिप पक्कडीने वाकवत बसू नका, पुन्हा फाकते.

अंबड_मोल्डिंग: आणि आरपार दिसणाऱ्याला थिनर किंवा ब्रेक क्लीनर लावू नका. बरीच पारदर्शक प्लास्टिकं त्याने जाळीदार तडकतात, मग खापर थंडीवर. नायलॉन त्यातून सहीसलामत सुटतं, म्हणून माझं मत नायलॉनलाच.

सातपूर_प्रेसवाला: दात पोलादी असतील तर एकेला प्लास्टिकचं घेईन. निव्वळ प्लास्टिकचे दात असले तर फुकट दिलं तरी नको.